सहावा रकाना

लोणच्याच्या रिकाम्या बरणीच्या तोंडावर
फुटक्या फुग्याचं रबर ताणून बसवलं,
त्यावर खराट्याची एक काडी चिकटवली
आणि म्हटलं, हा आपला वायुदाबमापक.
नववी ब हसली. बुरोंडीत कोणी काही नवं आणलं
की आधी हसायचं, मग वास घ्यायचा.
बरणीला अजून मेथीचा वास होता.

बाहेरचा दाब उतरला की रबर फुगतं,
रबर फुगलं की काडीचं टोक खाली झुकतं.
एवढंच. हवेलाही वजन असतं,
आपण तिच्या तळाशी राहतो,
चिंबोऱ्या राहतात खाडीच्या तळाशी, तसे.

मग फळ्यावर समुद्र काढला.
निळा खडू नव्हता, हिरव्यावर भागवलं.
पाणी तापतं, सत्तावीस अंशांच्या वर,
वाफ उठते, वर जाते, गारठते, ढग होते,
आणि ढग होताना
पोटातली ऊब हवेला देऊन टाकते.
ती हवा आणखी वर. खाली जागा रिकामी.
रिकामी जागा दिसली की काय होतं?
"एसटीत?" मागच्या बाकावरून यासीर मुकादम.
हो रे, एसटीत. चहूकडून धावतात सगळे.
फक्त पृथ्वी फिरते आहे,
म्हणून कोणीच सरळ पोहोचत नाही.
प्रत्येक जण जरासा उजवीकडे ढळतो
आणि ढळता ढळता सगळे मिळून
घड्याळाच्या उलट गरगरू लागतात.

परातीत पाणी ढवळून वर हळद भुरभुरवली,
पिवळे फाटे कसे वळतात ते दाखवलं.
फळ्यावर मधोमध एक गोल काढला.
लिहिलं : डोळा. शांत. निरभ्र.
दोन गुणांना येतो, अधोरेखित करा.

निमिषा चोगले उभी राहिली.
हजेरीपलीकडे तिचा आवाज मी ऐकला नव्हता.
"बाई, तो आमच्या घरावरनं गेला.
आधी वारा डोंगराकडनं होता. पत्रे उडून पुळणीवर पडले.
मग एकदम थांबला. ऊनपण पडलं थोडं.
कावळा ओरडला.
काका म्हणाला, संपलं,
आणि पत्रे गोळा करायला गेला.
मग वारा दर्याकडनं आला."
बसली.

पुढचं सगळ्या वर्गाला माहीत होतं.
मला नव्हतं, मी जूनपासूनची.
कोणी वही उघडी ठेवून खाली बघत होतं,
यासीर परातीत बोट फिरवत होता, उलटं.

एकोणीस वर्षं भूगोल शिकवते आहे.
डस्टर उचललं, परत ठेवलं.
शांत तर तो असतोच. शब्द चुकीचा नव्हता.
त्याच्यापुढे एक ओळ लिहिली, पुस्तकात नसलेली :
बाहेर पडू नये. अर्धंच झालं आहे.

तेव्हापासून रोज दोनदा नोंद होते,
प्रार्थनेआधी आणि मधल्या सुट्टीत, पाळीपाळीने.
तारीख, वेळ, काडी, वारा, ढग.
पाच रकाने मी आखून दिले होते.
ऑक्टोबरात सहावा दिसला,
पट्टी न घेता आखलेला, पानाच्या कडेला चेपून.
वर लिहिलेलं : बाहेर कोण.
खाली पेन्सिलीने, वेगवेगळ्या अक्षरांत,
दोरकुळकरचे पप्पा. यासीरचे दोन्ही भाऊ.
एका जागी नुसतं, आमची बोट.
शाई का नाही, विचारणार होते.
मग जुनी पानं उलटली,
सगळीकडे खोडल्याच्या करड्या खुणा,
एका ठिकाणी कागद झिजून पलीकडचं दिसतंय.

आज काडी दोन मिलिमीटर खाली आहे.
बंदरावर बावटा अजून चढलेला नाही.
सहाव्या रकान्यात तीन नावं.
निमिषाची पाळी नाही आज,
तरी ती खिडकीपाशी उभी आहे,
मुठीत खोडरबर.