गेलेली लाइन

चिंचघाटच्या पाण्याच्या एटीएमची तक्रार आली
तेव्हा मी वणीत होते, सकाळचे साडेनऊ.
पाचचं नाणं गिळतं, पाणी देत नाही.
गाडीला टूलबॅग, पायाशी गुंडाळलेली रबरी चटई,
अडतीस किलोमीटर, अर्धे कोळशाच्या ट्रकमागे.

मशीनपुढे कॅनची रांग. कॅन उन्हात, आपापल्या नंबरावर;
माणसं समाजमंदिराच्या सावलीत.
मी पोचले आणि लाइन गेली.
"घे, तुयं काम सोपं झालं," कुणीतरी म्हणालं,
"आता मेन स्विच काऊन शोधतं? लाइन त गेलीच हाये."

गेलीच हाये.
डोमाजी उइकेंनाही पेंढरीला असंच सांगितलं होतं कुणी.
दीड बोट सेवाग्रामला ठेवून आले ते,
आणि उरलेल्या साडेतीन बोटांनी
मला स्क्रू ड्रायव्हर धरायला शिकवलं.
"गेलेली लाइन कुणाले इचारून येत नाही, बाई.
काढलेली लाइन आपल्या खिशात रायते."

मेन स्विच पंचायतीच्या मागच्या खोलीत,
सतरंज्या आणि निवडणुकीच्या पेट्यांच्या आड.
खाली ओढला. लाल कुलूप लावलं.
पाटी अडकवली: काम चालू आहे, हात लावू नये,
सुकेशनी खोब्रागडे, आणि खाली मोबाइल नंबर.
चावी शर्टाच्या खिशात. खिशाला बटण.

टेस्टर आधी पंचायतीच्या इन्व्हर्टरवर लावून पाहिला.
मेलेला टेस्टर सगळ्यांनाच मेलेलं म्हणतो.
मग मशीनवर.
मग हातातल्या बेंटेक्सच्या चार बांगड्या काढल्या,
पहिल्या कॅनच्या मुठीत अडकवल्या.
कॅनवाली बाई बघत होती.
"भरल्या हातानं होत नाही काय हे काम?"
होत नाही, मावशी.
"भर दुपारी असे हात..." म्हणाली, आणि पुढचं गिळलं.

झाकण उघडून मी नुसती उभी राहिले.
रांग कुरकुरली. पाच मिनिटं काहीच करत नाही ही पोरगी.
मोटरच्या कपॅसिटरच्या पोटात अजून राग असतो,
तो निवेपर्यंत आपण आपल्या नखांकडे बघायचं.

आत, बोर्डावर, चिकटून सुकलेली पाल.
नाण्याच्या वाटेत दोन वायसर,
हातोडीनं चपटं केलेलं सोड्याचं बिल्लं,
आणि एक चार आणे, गेंड्याचं चित्र असलेलं.
हे कुणी टाकलं असेल? कुठल्या आशेनं?
कोपरापर्यंत हात घालून मी चिमट्यानं एकेक काढत होते

आणि लाइन आली.

पिठाची गिरणी एकदम बोंबलली.
पंचायतीतला पंखा, कुणाच्या तरी घरातला टीव्ही,
समाजमंदिरात अर्धवट राहिलेलं गाणं, मधल्याच शब्दापासून.
पोरं ओरडली, आली, आली!
मोठी माणसं मात्र माझ्या हाताकडे बघत होती.
मशीन काळंच. एक दिवा नाही.
मघाशी बोललेला माणूस सावलीतून उठला,
काही बोलला नाही, परत बसला.

मी बटणावरून खिसा चाचपला.
पाठीवरून घाम खाली गेला, हे लपवत नाही.

उरलेलं काम वीस मिनिटांचं.
अर्थिंगचा खड्डा मेमध्ये भाकरीसारखा कडक झालेला,
त्यात दोन बादल्या पाणी घाला म्हटलं
तर सगळ्यांनी आपापले कॅन जवळ ओढले.
हापशाचं चालेल, म्हटल्यावर दोन पोट्ट्या पळाल्या.

कुलूप काढलं. स्विच वर. नाणं टाकलं,
पाणी आलं, आधी खोकल्यासारखं, मग सरळ.
पावतीवर सरपंचांची सही घेतली, गाडीला किक मारली.
वेशीच्या बाभळीपर्यंत पोचले नव्हते
तोच मागून हाक,
"ओ लाइनवाली! थांब वो!"
ती बाई धावत येत होती, भरलेला कॅन कमरेवर,
आणि माझ्या चारही बांगड्या तिच्या हातात,
तिच्या हिरव्या काचेच्या वर चढवलेल्या.

"इसरली असती त," म्हणाली, धापा टाकत,
आणि स्वतःच माझा हात ओढून
एकेक घालू लागली.