दोपुस्क

कोठावदे साहेब गोर्कीहून परत आले सदुसष्टात.
सोबत एक कानटोपी, एक समोवार
आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी
कुणाशीही भांडायची तयारी.
मी ओझरच्या कारखान्यात, तपासणी खात्यात मदतनीस.

रशियन नकाशांवर ते पेन्सिलीनं मराठी शब्द लिहीत,
इंग्रजीत लिहा म्हणून वरून चिठ्ठी आली तोवर.
एका शब्दापाशी अडले. दोपुस्क.
"बघ शिरसाठ, त्यांच्याकडे याचे दोन अर्थ.
माप किती चुकलं तर चालतं, तो दोपुस्क.
गेटातून आत सोडायचा परवाना, तोही दोपुस्क."
म्हणजे चुकायचा परवाना, मी म्हणालो.
साहेब हसले नाहीत.
पंखाच्या रिवेटला तीन शतांश. चौथा निघाला
की लाल रंग फासून भंगारात.

एक्क्याण्णवच्या डिसेंबरात, रात्रीच्या बातम्यांनंतर
मी सिडकोत त्यांच्या घरी गेलो.
निवृत्त होऊन तीनच महिने झालेले.
ओट्यापाशी बसून ते समोवार चिंचेनं घासत होते.
"माझ्या सर्टिफिकेटवर ज्याचा शिक्का आहे
तो देशच उठून गेला रे."
मग बराच वेळ नुसता चिंचेचा आवाज.

नव्या वर्षात त्यांनी वॉर्डातून अर्ज भरला. अपक्ष.
चिन्ह मागितलं विमान, मिळालं शिवणयंत्र.
इंदुमती वहिनी म्हणाल्या, यंत्र तर आहे ना.
मी भिंती रंगवल्या. साहेबांनी सुईची लांबी दुरुस्त करायला लावली.
सदतीस मतांनी निवडून आले,
आणि फेरमोजणीही त्यांनीच मागितली.
चौतीस भरली. तेव्हा कुठे हार घालून घेतला.

पुढे पाच वर्षं खिशात व्हर्नियर.
डांबराचा थर मोजायचे, पाइपाची जाडी,
गटाराच्या झाकणाचं बीडसुद्धा.
ठेकेदार त्यांना पाहून चहा अर्धा टाकून उठत.

टाकी आली ती दुसऱ्या खेपेला.
तोवर पक्ष होता, समिती होती, दारात पांढरी जीप होती.
सोळाच्या सळईऐवजी बाराची.
मीच मोजली, कॉलम भरायच्या आधी, बॅटरीच्या उजेडात.
रात्री दोनला नळावर हंड्यांची रांग.
नापास केली तर टेंडर पुन्हा, दोन उन्हाळे पुन्हा.
साहेबांनी विचारलं, "किती?"
मी म्हणालो, चार मिलिमीटर.
शतांशात सांगायचं तर चारशे.
त्यांनी चष्मा काढला, पुसला,
आणि चष्मा न लावताच सही केली.

पाकीट आलं का, मला माहीत नाही.
घरी नवीन काही आलं नाही, एवढं पाहिलं.
पुढच्या वेळी तिकीट आलं, तेही पाहिलं.
पाणी मात्र आलं. सकाळी साडेसहाला, रोज.
बायकांनी टाकीला नारळ फोडला. साहेबांना बोलावलं,
तर त्यांना नेमका ताप.

त्यानंतर दूध आणायला ते दत्तमंदिराला वळसा घालून जात.
टाकीखालून कधीच नाही.
ओझरचं मिग चाचणीसाठी वर गडगडलं
की सगळी गल्ली आभाळाकडे बघायची.
साहेब टाकीकडे.

आमदारकीला पडले. फार वाईट पडले.
समोवारात वहिनी सुट्टे पैसे ठेवू लागल्या.
गेल्या मार्चमध्ये साहेब गेले, झोपेत.
दहाव्याला मुलानं माझ्या हातात एक लोकरीचा मोजा दिला,
आत व्हर्नियर. चिठ्ठी नाही.
घरी येऊन जबडे मिटवून पाहिले.
शून्यावर शून्य, अजून तंतोतंत.

टाकी उभी आहे. सव्वीस वर्षं.
दक्षिणेच्या कॉलमवर ओलीची एक रेघ उतरते,
तिथं कुणीतरी तुळस लावली आहे, छान वाढली आहे.
पोरं सावलीत क्रिकेट खेळतात.
मीही तिच्याखालूनच जातो, वळसा घालत नाही.
पावलं जरा भराभर टाकतो, एवढंच.