एकास एकशेवीस

तळघरात कोळसा नाही, वाफ नाही.
डिंकाचा वास आणि बाबांचा खोकला.
प्लायवूडच्या दोन फळ्यांवर
ओबरश्टाइनग्रुंड स्टेशन उभं राहतंय,
तिसऱ्यांदा. दोनदा त्यांनीच छप्पर उचकटलं,
कौलांचा रंग चुकला म्हणून.

एकास एकशेवीस.
म्हणजे माणूस दीड सेंटिमीटरचा,
घाट दारापासून बॉयलरपर्यंत,
आणि आई असती तर
एकशेवीस पट मोठी दिसली असती
जिन्यावरून जेवायला हाक मारताना.

झाडं वाळक्या फुलोऱ्यांची.
खालचा पाचोळा म्हणजे आमच्या चहाचा चोथा,
वाळवून तीनदा चाळलेला.
बर्फ नको म्हणतात.
बर्फाखाली सगळ्यांच्याच चुका झाकतात.

खरं स्टेशन एकोणऐंशीत पाडलं.
रूळ उपटले. फलाटाचे दगड
कुणाकुणाच्या गोठ्यांत गेले.
गावात आता कुणालाच आठवत नाही
पाण्याच्या टाकीचं तोंड पूर्वेला होतं की पश्चिमेला.
बाबांकडे फोटो होते.
होते.

पंच्याहत्तरचा मार्च. बाबा तेवीस वर्षांचे.
पुलाच्या कठड्याला पोट टेकून,
हातात प्राक्टिका, दुसरा रोल काखेत,
थंडीत फिल्म ठिसूळ होते म्हणून.
वळणावर शिट्टी. मग धूर. मग शहाऐंशी मालिकेतलं
ते बुटकं काळं इंजिन.
बाबांनी खटका दाबला
आणि खांद्यावर हात पडला.

पुलाचा फोटो कुणासाठी?
पुलाचा नाही, इंजिनाचा.
कुणासाठी?
चार तास त्यांनी हेच विचारलं,
चार तास बाबांनी चाकांची रचना समजावून सांगितली.
रोल गेले. घरची पाकिटं गेली, अल्बम गेला.
कॅमेरा मिळाला परत, पावतीवर सही घेऊन.

भिंत पडल्यावर अर्ज केला.
चौऱ्याण्णवात बोलावणं आलं.
वाचनालयासारखी खोली, आणि शेजारच्या टेबलावर
एक बाई रडत होती. तिच्या फाइलमध्ये
तिच्या भावाचं अक्षर होतं.
बाबांनी खिशातून भिंग काढलं.

क्रेचमार, विलफ्रीड. एकशेबारा फोटो.
प्रत्येकावर क्रमांक, तारीख,
मागे टंकलेलं:
पूल, उत्तरेकडून. सिग्नल, दोन हातांचा.
पाण्याची टाकी, तोंड पश्चिमेला.
"किती नीट ठेवलंय," बाबा म्हणाले,
आणि आई खुर्ची सरकवून बाहेर गेली.
मी बारा वर्षांची. मला कळेना
कुणाच्या बाजूला बसावं.

शेवटचा, एकशेतेरावा, बाबांनी काढलेला नव्हता.
त्यात बाबाच होते, पाठमोरे, कठड्याला टेकलेले,
आणि त्यांच्या डोक्यावरून
अख्ख्या दरीभर पसरलेली वाफ.

तो आता तळघरात चिमट्याने टांगलाय.
"क्षितिज तिरकं," बाबा म्हणतात,
"उजेडाचा अंदाज नाही. शिकाऊ होता बिचारा.
पण वाफ बघ.
अशी वाफ मला आयुष्यात मिळाली नाही."

काल त्यांनी पुलावर दोन माणसं बसवली.
एक वाकलेला, डोळ्याशी टाचणीच्या टोकाएवढा कॅमेरा.
दुसरा चार पावलं मागे, टोपीवाला.
त्यांचा हात आता थरथरतो, म्हणून रंग माझ्याकडे.
"कोट कुठल्या रंगाचा?"
"काय ठाऊक. मी इंजिन बघत होतो."
मग बराच वेळ गाडी फिरत राहिली,
बोगद्यात शिरून, चोथ्याच्या जंगलातून,
जिथे टाकीचं तोंड पश्चिमेला आहे.
"हातमोजे नव्हते त्याच्याकडे," बाबा म्हणाले.
"कोटातूनसुद्धा खांद्याला गार लागलं होतं."

मी सगळ्यात बारीक ब्रश शोधते.
अर्ध्या तिळाएवढा हात.
गारठलेल्या बोटांचा लाल
तेवढ्याशा जागेत कसा बसवायचा,
बघू.