शेरा

सकाळी सात ते दहा संचारबंदी शिथिल.
साहेब म्हणाले, जा, रीडिंग थांबत नाही.
वही घेतली, बॅटरी घेतली,
एरवी घालत नाही ती खाकी टोपीही घातली.

जेटीवर लिलाव नव्हता.
बोटी एकमेकींना खेटून,
चौथ्या दिवसाची मासळी टोपल्यांतच,
मांजरंसुद्धा तोंड फिरवून बसलेली.

सोलकरांचं बर्फाचं दुकान जळलं होतं.
बर्फ जळतो हे मला ठाऊक नव्हतं.
लाद्या भुशात पुरून ठेवायचे ते.
भुसा पेटला, दोन दिवस धुमसला,
वर राख आणि खालून पाणी
गटाराच्या कडेकडेनं खाडीपर्यंत गेलेलं.
मीटर वितळून भिंतीवर ओघळला होता.
रकान्यात काय भरायचं?
मागचा आकडा चार हजार तीनशे बारा.
लिहिला. खोडला. पुन्हा लिहिला.

पुढे नागवेकर शिंप्याचं दुकान, फळ्या उचकटलेल्या.
अर्धवट शिवलेले ब्लाउज निवडुंगावर अडकलेले,
ज्यांचे होते त्या बायका खिडकीतून ओळखत होत्या,
काढायला कोणी खाली येत नव्हतं.
सार्वजनिक नळाला पाणी आलं होतं
आणि रांगेत एकही कळशी नव्हती.
मी नळ बंद केला. ते माझ्या खात्याचं काम नव्हे.

चढणीवर होडेकरांचं चिरेबंदी घर.
बाहेरून कुलूप.
ओट्यावर सुकत घातलेला जवळा, अर्धा कावळ्यांनी नेलेला.
कुलूप पाहिलेलं होतं मी:
नागवेकरच्या कपाटाचं, कडीला सुतळीचा गोंडा.
मीटर पडवीत.
चकती फिरत होती.

बावीस वर्षं चकत्या बघतोय.
चाळिसचा दिवा असला की म्हातारीसारखी चालते,
इस्त्री लावली की तांबडी खूण दिसतसुद्धा नाही.
ही पंख्याची चाल होती. एक पंखा, दोनवर.
झडपा बंद, ऑक्टोबरातला उकाडा,
आत कोणीतरी कोणाला तरी निजवत होतं.

नाक्यावर तीन पोरं.
एकाच्या हाताला फडकं गुंडाळलेलं, तो विन्या.
त्याच्या बारशाला मी जेवलोय.
“काका, आत कोन हाय काय ओ?”
मी बॅटरी विझवली.
“शून्य,” म्हटलं.
वहीत मागचाच आकडा. शेरा: घर बंद.

धाडस वगैरे नव्हतं ते.
वळणापलीकडे गेल्यावर एका माडाला धरून
मी बराच वेळ उभा होतो.

ऑफिसात दुसरी वही टेबलावर उघडीच होती,
सबस्टेशनची. मंगळवार, रात्र.
अकरा चाळीस ते एक पन्नास, बंदर फीडर बंद.
कारण: तारांवर फांदी.
त्या रात्री वारा नव्हता.
अक्षर ओळखीचं,
रोज दुपारी माझ्या डब्यातली भाजी खाणारं.
शाई निळी. माझीही निळीच,
स्टोअरमधून पेनं एका खोक्यातून येतात.
मी वही मिटली. तेवढंच केलं.

डिसेंबरात हमीदाबी होडेकर बिल घेऊन रांगेत.
दोन महिन्यांचे युनिट एकदम चढले होते.
कारकून म्हणाला, घर तर बंद होतं ना तुमचं?
तिने जाळीतून माझ्याकडे पाहिलं.
मी खालच्या खणात फाइल शोधायला वाकलो,
तिथे फाइली नसतात.
“पंखा होता,” ती म्हणाली, “येकच,”
आणि रुमालाची गाठ सोडून
नोटा, मग चिल्लर, सगळं मोजून दिलं.
जाताना परत वळली.
पावती दे म्हणाली.
तारीख नीट घाल.