काही दिलं होतं का?

रजिस्टरवाल्या बाईने विचारलं,
काही दिलं होतं का तिला? मुळीबिळी, पाला?
मी म्हटलं, नाही.
पेन पुढच्या रकान्यात गेलं.

दिलं होतं.
बोटभर मूळ, कपभर पाण्यात,
झाकण ठेवून, अर्धं आटेस्तोवर.
माझ्या सासूने मला दिलं होतं तेवढंच,
आणि मी सात वेळा मोकळी झाले,
एकदा तर मक्यातून घरी येता येता.

एनेलेसीच्या पोटावर आधीचा टाका होता,
बेंबीखाली उभा, चकाकता,
गोगलगाय चालून गेल्यासारखा.
कासुंगूच्या दवाखान्यात बजावलं होतं,
शेवटचा महिना इथेच येऊन राहा.
राहायचं म्हणजे पीठ न्यायचं, सरपण न्यायचं,
ऐन भुईमुगात घरची दोन माणसं वजा.
मी म्हटलं, शेंगा काढून झाल्या की जाऊ.

रात्रभर कळा, एकीच्या पाठीवर दुसरी.
उजाडताना ती म्हणाली,
आई, आत काहीतरी सुटलं.
आणि कळा थांबल्या.

किती बरं वाटलं आम्हाला.
शेजारची फालेसी म्हणाली, देवाने विसावा दिला.
मी चुलीवर पेज ठेवली,
तिच्या पोटावरून हात फिरवला,
तर हाताला टाच लागली.
एवढीशी टाच, कातडीच्या इतकी लगेच खाली
की चिमटीत धरता आली असती.
मध्ये जे असायला हवं, ते नव्हतं.
टाच हलली नाही.

सायकलमागे बांधलेली गाडी, तिच्यात गवत.
मुलगा पायडल मारतोय, मी मागून ढकलतेय.
ओढ्यावरच्या ओंडक्यांवरून
तिला उचलून पलीकडे नेलं.
तिचे ओठ राखेच्या रंगाचे.
विचारत होती, झाली का सुटका?
मी म्हणत होते, झालीच गं, झालीच.

म्सोसा साहेब पुरते डॉक्टर नव्हेत,
पण तिथे कापणारे हात त्यांचेच.
बाहेर आले तेव्हा रबरी बूट ओले होते.
म्हणाले, बाई जगेल. पिशवी काढावी लागली.
रक्ताची पिशवी एकच होती, ती लावली;
दुसरी फाटकावरच्या पहारेकऱ्याने दिली
आणि दंड दाबत परत स्टुलावर जाऊन बसला.
मुलगा होता, म्हणाले.
मग माझ्याकडे न बघता, बाकीचं तिला तुम्हीच सांगा.

सोबतीणींच्या पडवीत मी चार दिवस न्सिमा घोटतेय.
धूर तोच, बायका बदलतात.
पाचव्या दिवशी ती उठून बसली,
दोन घास खाल्ले,
म्हणाली, पुढच्या वेळी लवकर येऊ, आई.
शेंगा राहिल्या तर राहू देत.

मी म्हटलं, हो.

फालेसीची लेक जूनमध्ये बाळंत होईल.
ते मूळ कुठल्या झाडाचं,
तिने मला विचारून ठेवलंय.