नवा पंखा

ड्युलुथ. बाहेर उणे एकवीस.
भिंतीतल्या शेकोटीची खालची जाळी काढून
हालवर्डने जुना पंखा ओढून काढला,
तेरा हिवाळे खडखडलेला.
त्या खडखडाटावर आवाज चढवूनच
या घरात बोलायची सवय,
भांडण नसताना भांडल्यासारखी.

आसाभोवती काजळीत गुंडाळलेले
पांढरे केस. आखूड, राठ.
‘टिलीचे,’ बिर्गिट म्हणाली.
कुत्री जाऊन चार वर्षं झालेली.
त्याने ते विस्तवात टाकले नाहीत,
शर्टाच्या खिशात ठेवले, पान्याशेजारी.

नवा बसला. दोन स्क्रू उरले,
कुठले ते कळेना.
बटण दाबलं, तर नुसती शांतता.
जाळीपुढे तळहात धरला:
ऊब येत होती.

‘चालू झाला का?’ स्वयंपाकघरातून ती ओरडली.
‘हो,’ तो म्हणाला, हळूच.
तिला ऐकू गेलं.