रॉड

परभणीत पारा साडेपाचावर आला,
असं विद्यापीठाची वेधशाळा सांगते.
आमच्या न्हाणीतली फरशी त्याआधीच सांगते.

परवा रॉड जळाला, बादलीला भोक पाडून.
मी कॅलेंडरच्या पाठीवर उभी रेघ मारली,
एका बाजूला गॅस लिहिलं, दुसऱ्या बाजूला लाईट.

बादली वीस लिटरची. लाईटवर पाऊण युनिट,
म्हणजे सात रुपये, इंधन आकार धरून.
गॅसवर चार, फार तर साडेचार.
माणसं पाच. थंडी देवदिवाळीपासून शिवरात्रीपर्यंत,
नव्वद दिवस.
फरक अकराशेचा. एक सिलेंडर येतं त्यात,
वर चढवणाऱ्या पोराचे वीस देऊनही.

"गॅसचा गीझर घेऊ," मी म्हणाले.
आबांनी पेपर खाली केला नाही.
"काय करायलीस बाई? खात्याच्या पगारावर बांधलंय हे घर."

छत्तीस वर्षं खांबावर.
डाव्या हाताची दोन बोटं पेडगावच्या डीपीवर राहिली.
उरलेल्या तिनांनी अजून बटण दाबतात,
आधी पायात चप्पल घालून.
लाईटच्या रकान्यात ती बोटं
किती रुपयांना मांडायची?

आणि गॅसच्या रकान्यात
मागच्या गल्लीतली रेवती.
गार वारा येतो म्हणून झरोक्यात कोंबलेलं पोतं,
आतून कडी.
दार तोडलं तेव्हा
नळाला पाणी गरमच येत होतं.

पेन्सिल तशीच कानावर ठेवली.

आई या हिशोबात नव्हतीच.
दुपारी दीडला गच्चीवरून उतरली, केस ओले.
"काळ्या पाइपातलं पाणी," म्हणाली, "हात लावून बघ, चटका बसायलाय."
कधीपासून?
"रॉड आला तवापासून. मीटर जोरात फिरलं
की ह्यांना झोप लागत नाही."

पण माझी ड्युटी सातची,
बसस्टँडवर, चौकशीच्या खिडकीत.
सूर्य तेव्हा वसमत रोडच्या पलीकडं कुठंतरी,
आणि त्याला कुणी हजेरी विचारत नाही.

शेवटी नवा रॉड आणला. साडेतीनशे.
आबांनी पिन तपासली, अर्थिंग बघितलं,
अंधारात न्हाणीच्या दाराशी स्टूल टाकला
आणि पाणी तापेपर्यंत बसून राहिले,
मफलर बांधून,
पायात चप्पल.